काड्या, फरश्या आणि ठिपके : परिमिती, क्षेत्रफळ आणि आकृतिबंध हातांनी कसे शिकवावेत

पाचवीतल्या मुलांना ८ सेमी लांब आणि ५ सेमी रुंद आयताची परिमिती विचारली, तर वर्गातली बरीच मुलं ४० सांगतात. क्षेत्रफळ विचारलं तर काहीजण २६ सांगतात. गुणाकार बरोबर असतो, बेरीजही बरोबर असते. सूत्रं दोन्ही पाठ असतात, पण कोणतं कुठे लावायचं ते कळलेलं नसतं. मग आपण सूत्रं पुन्हा दहा वेळा लिहून घेतो. चाचणीपुरता उपयोग होतो, आणि पुढच्या महिन्यात पुन्हा तेच.

परिमिती म्हणजे कडेने फिरणं आणि क्षेत्रफळ म्हणजे आतली जागा झाकणं. या दोन वेगळ्या कृती आहेत, आणि मुलाच्या हातांनी त्या वेगवेगळ्या केल्याशिवाय सूत्र फळ्यावर येऊच नये, असं माझं ठाम मत आहे. दुसरं असं, की आकृतिबंधांचा धडा पुस्तकात स्वतंत्र असला तरी शिकवताना तो वेगळा ठेवायची गरज नाही. मुलं आपली मोजमापं तक्त्यात नीट क्रमाने लिहायला लागली की आकृतिबंध त्या तक्त्यातूनच वर येतात. नुसत्या आकड्यांच्या ओळीत पुढचा आकडा ओळखावा लागतो. इथे तो आकडा का येतो याचं कारणही समोर मांडलेलं असतं.

खाली दिलेला क्रम तिसरीच्या शेवटापासून सहावीपर्यंत चालतो. घरी एका मुलाबरोबर करता येतो, वर्गात चार-चारच्या गटांतही. एका दिवसात उरकायला जाऊ नका. एक कृती, मग दोन-तीन दिवस मोकळे, मग पुढची.

सामान काय लागेल

गूल खुडून टाकलेल्या आगकाड्या शंभरेक. त्या नसतील तर जुन्या खराट्याचे हीर एकाच मापाचे कापून घ्या. जुन्या लग्नपत्रिका घरोघरी पडलेल्या असतात, त्यांचा जाड कागद फरश्या करायला उत्तम. प्रत्येक गटाला ३० चौरस फरश्या पुरतात. शिवाय वाटीभर चिंचोके, सुतळी, खडू, मोजायची टेप आणि चौकटीची वही.

एक गोष्ट मात्र कटाक्षाने पाळा. फरशीची बाजू काडीच्या लांबीइतकीच हवी. आधी काडी मोजा, मग त्या मापाने चौरस कापा. काडी ४ सेमीची आणि फरशी ५ सेमीची असेल, तर पुढची एकही कृती जुळत नाही आणि मुलं गोंधळतात. हीर कापताना मापाला एक नमुना ठेवून सगळे त्यालाच लावून कापावेत.

चौकटीच्या वहीतले चौकोन नेहमी १ सेमीचे असतात असं नाही. पट्टी लावून बघा. लहान असतील तर सुरुवातीला ‘सेंटिमीटर’ म्हणूच नका, ‘चौकट’ म्हणा.

आधी फिरणं, मग झाकणं

व्हरांड्यात खडूने एक मोठा आयत काढा. मुलाला रेघेवरून टाचेला अंगठा लावत चालायला सांगा आणि पावलं मोजू द्या. जिथून निघालं तिथे परत आलं की मोजणी संपली. मग त्याच आयतात जुनी वर्तमानपत्रं अंथरून तो पूर्ण झाकायला सांगा. किती कागद लागले? पावलांचा आकडा आणि कागदांचा आकडा वेगवेगळ्या रंगांच्या खडूंनी फरशीवरच लिहा. पुढे वहीतही हेच दोन रंग ठेवा. आमच्या वर्गात कडेसाठी लाल आणि आतल्या जागेसाठी निळा असतो, आणि मुलं वर्षभर तो नियम मोडत नाहीत.

हेच पाटाबरोबर करा, पाटीबरोबर करा, जेवणाच्या टेबलाबरोबर करा. कडेला सुतळी लावायची, जिथे पुरते तिथे गाठ मारायची आणि सुतळी सरळ करून टेपवर मोजायची. सुतळी सरळ करणं महत्त्वाचं आहे, कारण परिमिती ही एक लांबी आहे हे त्या क्षणी दिसतं. चौकोनी पाटाभोवतीची सुतळी आणि गोल ताटाभोवतीची सुतळी शेजारी शेजारी धरता येतात. कोनाड्यातल्या वेड्यावाकड्या दगडाचीही परिमिती अशीच निघते.

झाकण्यासाठी एकदा मुद्दाम बांगड्या द्या. मुलं पाटावर बांगड्या मांडतात आणि मध्ये फटी राहतात. “बाई, हे झाकलंच जात नाही!” अशी तक्रार येऊ द्या. मग वह्या द्या, मग फरश्या द्या. फट राहू नये आणि एकावर एक येऊ नये हे दोन नियम मुलं स्वतःच सांगतात. क्षेत्रफळ चौरसातच का मोजायचं, याचं उत्तर त्यात आलेलं असतं. वही आयताकृती असते, ती आडवी लावली की एक आकडा येतो आणि उभी-आडवी मिसळली की मोजणीचा घोळ होतो. चौरस कसाही फिरवला तरी तोच राहतो.

‘परिमिती’ आणि ‘क्षेत्रफळ’ हे शब्द इथपर्यंत मी वापरत नाही. कृती दोन-तीन वेळा झाली की नावं सांगायची, ती मग चिकटतात.

एका ओळीतले चौरस

आता काड्या आणि फरश्या एकत्र. चार काड्यांचा चौरस करा, त्यात एक फरशी ठेवा. त्याला जोडून दुसरा चौरस करायला सांगा. हुशार मुलं पुन्हा चार काड्या उचलतात आणि थबकतात, कारण मधली काडी आधीच तिथे आहे. तीनच लागतात. असे पाच चौरस एका ओळीत होऊ द्या आणि प्रत्येक पायरीला तीन आकडे लिहून घ्या.

फरश्या : १, २, ३, ४, ५
बाहेरच्या कडेच्या काड्या : ४, ६, ८, १०, १२
एकूण काड्या : ४, ७, १०, १३, १६

एकच मांडणी आणि त्यात तीन आकृतिबंध. पहिला एकने वाढतो, दुसरा दोनने, तिसरा तीनने. आता “का?” विचारा आणि बोट ठेवून दाखवायला सांगा. नवा चौरस जोडला की वर एक काडी येते, खाली एक येते आणि टोकाला एक. पण आधीची टोकाची काडी आता आत गेली, ती कडेत धरायची नाही. म्हणून एकूण तीन वाढल्या, कडेला दोनच वाढल्या. हे वाक्य मुलाच्या तोंडून आलं पाहिजे, तुमच्या नव्हे.

मग दहा चौरसांचा प्रश्न टाका, पण काड्या देऊ नका. ३१ काड्या आणि २२ कडा हे उत्तर काही मुलं एकेक पायरी वाढवत काढतील, काही म्हणतील “पहिली एक काडी, मग प्रत्येकाला तीन”. दुसरं उत्तर देणाऱ्या मुलाला शंभर चौरसांचं विचारा. ३०१ म्हणताना त्याचा चेहरा बघण्यासारखा असतो. बीजगणिताचं नाव न घेता तो बीजगणित करत असतो.

याच टप्प्यावर एक चूक हमखास दिसते आणि ती वेळीच पकडावी लागते. चौकटीच्या वहीत ५ बाय ४ चा आयत काढून परिमिती मोजायला सांगितली, की काही मुलं १४ सांगतात. बरोबर उत्तर १८. हे १४ कुठून आले ते पाहायला मुलाच्या पेन्सिलीच्या टोकाकडे लक्ष द्या. ते कडेच्या रेघा मोजत नसतं, कडेला लागून असलेल्या चौकटी मोजत असतं. कोपऱ्यातल्या चौकटीला बाहेरच्या दोन कडा आहेत, पण चौकट एकच, म्हणून चार कोपऱ्यांत मिळून चार कमी. “चुकलं, पुन्हा मोज” म्हटल्याने काही होत नाही, ते पुन्हा चौकटीच मोजतं. तोच आयत फरश्यांनी मांडा, कडेला काड्या लावा आणि काड्या उचलून मोजायला सांगा. अठरा काड्या हातात आल्या की मूल स्वतःच वहीकडे वळतं. यानंतर वहीत मोजताना प्रत्येक मोजलेल्या रेघेवर लाल टिंब द्यायची सवय लावा.

वीस काड्यांचं शेत

मला विचाराल तर सगळ्या विषयाचं मर्म या एका कृतीत आहे, म्हणून तिला पूर्ण तास द्या.

प्रत्येक गटाला २० काड्या आणि २५ फरश्या. काड्यांचं कुंपण घालून आयताकृती शेत करायचं. सगळ्या काड्या वापरायच्या, आत एकही ठेवायची नाही. कृती सुरू करण्याआधी विचारा, “काड्या प्रत्येकाला वीसच आहेत, मग सगळ्यांची शेतं सारखीच मोठी होतील का?” बहुतेक मुलं हो म्हणतात. कुंपण तेवढंच म्हणजे जमीनही तेवढीच, असं त्यांना वाटतं, आणि मोठ्या माणसांनाही वाटतं. तुम्ही काही बोलू नका, फळ्यावर फक्त किती हात वर आले ते लिहून ठेवा.

मग कुणी लांबट शेत करतं, कुणी रुंद. फरश्या भरून मोजल्यावर गटागटांत वाद सुरू होतात. फळ्यावर तक्ता करा, पण मुलं सांगतील तसा विस्कळीत लिहू नका. रुंदी १ पासून चढत्या क्रमाने लावा. आकृतिबंध दिसायला क्रम लागतो, ही सवय मुलांना इथेच लागते.

१ बाय ९ : ९ फरश्या
२ बाय ८ : १६
३ बाय ७ : २१
४ बाय ६ : २४
५ बाय ५ : २५

परिमिती सगळीकडे २०. क्षेत्रफळ ९ पासून २५ पर्यंत. आता दोन ओळींतला फरक काढायला सांगा : ७, ५, ३, १. वर्गात इथे एकदम कुजबुज होते.

पण इथे थांबलात तर अर्धंच झालं. ७, ५, ३, १ का, ते फरश्या हलवून दाखवा. १ बाय ९ ची पट्टी मांडा. टोकाची एक फरशी काढून घ्या, उरली ८ ची पट्टी. तिच्याखाली ८ ची दुसरी पट्टी लावा. एक काढली, आठ घातल्या, म्हणजे ७ वाढल्या. आता २ बाय ८ आहे. टोकाचा उभा स्तंभ काढा, त्यात २ फरश्या जातात, आणि खाली ७ ची नवी ओळ लावा. दोन गेल्या, सात आल्या, ५ वाढल्या. पुढच्या वेळी ३ जातात, ६ येतात. मग ४ जातात, ५ येतात. जाणाऱ्या एकने वाढतात, येणाऱ्या एकने कमी होतात, म्हणून वाढ दर वेळी दोनने घटते. “यापुढे अजून एक पायरी घेतली तर?” असं विचारा. ५ जातील, ४ येतील, एक फरशी कमी होईल आणि शेत पुन्हा ६ बाय ४ चं होईल. चौरसापाशी क्षेत्रफळ सर्वांत जास्त का, हे मुलांना कळतं, पाठ करावं लागत नाही.

सहावीच्या मुलांना अजून एक खूण दाखवा. प्रत्येक आयत २५ पेक्षा कितीने कमी आहे? १६, ९, ४, १, ०. सगळ्या चौरस संख्या.

उलट कृतीही करा. आता फरश्या ठरलेल्या, २४, आणि कुंपण बदलतं. १ बाय २४ ला ५० काड्या, २ बाय १२ ला २८, ३ बाय ८ ला २२, ४ बाय ६ ला २०. पाच ओळींचा आयत होत नाही, मुलं प्रयत्न करून सोडून देतात, आणि तिथे विभाजकांची ओळख अनायासे होते. १३ फरश्या दिल्या तर एकच आयत होतो. मूळ संख्येची याहून चांगली ओळख मला माहीत नाही.

४ बाय ४ च्या चौरसाला १६ फरश्या आणि १६ काड्या लागतात. कुणीतरी म्हणतंच, “दोन्ही सारखंच झालं!” आकडे सारखे झाले, पण १६ काड्या एका रांगेत लावल्या तर रस्ता होतो आणि १६ फरश्या पसरल्या तर अंगण होतं, हे हाताने करून दाखवा. असा आणखी एक आयत शोधायला द्या, बाजू पूर्ण संख्यांच्याच हव्यात. तो ३ बाय ६ चा आहे, आणि पूर्ण संख्यांत हे दोनच आहेत.

कोपरा कापला तर?

३ बाय ३ फरश्यांचा चौरस मांडा, भोवती १२ काड्या. कोपऱ्यातली एक फरशी काढा आणि काड्या नव्या कडेला लावा. फरश्या ८ झाल्या, काड्या मात्र १२ च. मुलं दोनदा मोजतात. कोपऱ्याच्या बाहेरच्या दोन काड्या आत सरकल्या, एवढंच झालं. चारही कोपरे काढा, अधिक चिन्हासारखा आकार राहतो. त्यात ५ फरश्या, तरीही काड्या १२.

आता चौरस पुन्हा पूर्ण करून कोपऱ्याऐवजी एका बाजूची मधली फरशी काढा. फरश्या ८, पण काड्या १४. जागा कमी झाली आणि कुंपण वाढलं. ही कृती पाच मिनिटांची आहे, पण ‘क्षेत्रफळ कमी म्हणजे परिमिती कमी’ हा समज तिच्याइतका लवकर दुसऱ्या कशाने जात नाही.

पानाचं क्षेत्रफळ काढायचं तर जास्वंदीचं पान चौकटीच्या कागदावर ठेवून कडेने पेन्सिल फिरवा. पूर्ण चौकटी मोजा, अर्ध्याहून जास्त भरलेली चौकट १ धरा, अर्ध्याहून कमी असेल ती सोडा, बरोबर अर्धी असेल तर अर्धी. उत्तर अंदाजे असतं हे मोकळेपणाने सांगा. लहान चौकटींच्या कागदावर तेच पान पुन्हा मोजलं तर अंदाज सुधारतो.

सूत्र कधी द्यायचं

फरश्या एकेक करून मोजायचा मुलाला कंटाळा आला की सूत्राची वेळ झाली. ६ बाय ७ चा आयत झाकायला सांगा, पण फरश्या फक्त १२ द्या. पुरत नाहीत. मग मूल वरची एक ओळ ७ ची लावतं आणि डाव्या कडेने खाली आणखी पाच ठेवतं. अशा सात-सातच्या सहा ओळी, ४२. लांबी गुणिले रुंदी हे त्याने आत्ता स्वतः केलं. फळ्यावर ते फक्त नोंदवायचं.

परिमितीचं सूत्र मी मुलांच्या पद्धतीवर सोडते. कुणी चारही बाजू मिळवतं, कुणी एक लांबी आणि एक रुंदी मिळवून दुप्पट करतं. दोन्ही बरोबर. पंचकोन किंवा एल आकार आला की सूत्र तसंही उपयोगाचं नसतं, कडेने फिरावंच लागतं. उत्तराच्या पुढे सेमी आहे की चौसेमी, यावरून मूल फिरलं की झाकलं ते ओळखता येतं. एकक नसलेलं उत्तर मी अपूर्ण धरते.

चिंचोक्यांच्या पायऱ्या

आता आकृतिबंधांकडे मोकळेपणाने जाता येतं. चिंचोके पायरीसारखे मांडा : १, त्याखाली २, त्याखाली ३. बेरीज १, ३, ६, १०, १५ अशी जाते. या त्रिकोणी संख्या. दोन मुलांनी चार-चार पायऱ्यांच्या दोन मांडण्या कराव्यात आणि एक उलटी करून दुसरीला जोडावी. ४ बाय ५ चा आयत होतो, २० चिंचोके, म्हणजे एका मांडणीत १०. हे क्षेत्रफळच आहे. १ ते १०० ची बेरीज विचारली तर मुलांना १०० बाय १०१ च्या आयताचं अर्धं करायचं सुचतं, ५०५०.

शेजारच्या दोन त्रिकोणी संख्या जोडल्या की चौरस संख्या मिळते : ३ आणि ६ चे ९, ६ आणि १० चे १६. हेही चिंचोके सरकवून दाखवावं. पायऱ्या फरश्यांनी केल्या तर परिमिती ४, ८, १२, १६ येते, म्हणजे तेवढ्याच पायऱ्यांच्या पूर्ण चौरसाइतकी. कोपरे कापलेला चौरस ज्यांनी लक्षपूर्वक पाहिला, त्यांना कारण सांगता येतं.

एक सावधगिरी. “१, २, ४, पुढे काय?” असा प्रश्न नुसता देऊ नका. दुप्पट केली तर ८, वाढ एकेकने वाढवली तर ७. दोन्ही उत्तरं योग्य आहेत, आणि ७ लिहिणाऱ्या मुलाला चूक ठरवणं अन्याय आहे. आधी कारण विचारा, मग गुण द्या.

रांगोळीचे ठिपके

ठिपक्यांच्या रांगोळीत किती गणित दडलंय, ते दिवाळीच्या सुट्टीत मुलांना दाखवण्यासारखं आहे. ७ ते ४ ची रांगोळी घ्या. मधल्या ओळीत ७ ठिपके, वर ६, ५, ४ आणि खालीही ६, ५, ४, प्रत्येक ओळ दोन ठिपक्यांच्या मध्ये. एकूण ठिपके ३७. आता ५ ते ३ ची मोजा : १९. ३ ते २ ची : ७. नुसता एक ठिपका : १. आणि ९ ते ५ ची : ६१.

१, ७, १९, ३७, ६१. फरक ६, १२, १८, २४, म्हणजे सहाचा पाढा. कारण अंगणात उघड दिसतं : मधल्या ठिपक्याभोवती ६ ठिपक्यांचं कडं आहे, त्याभोवती १२ चं, मग १८ चं. प्रत्येक कडं वेगळ्या रंगाने भरायला सांगा, मग कुणाला समजावून सांगावं लागत नाही. पुढची ११ ते ६ ची रांगोळी काढण्याआधीच मुलं ९१ सांगतात.

सातवी-आठवीच्या मुलांसाठी याच आकड्यांची क्रमाने बेरीज करा. १, ८, २७, ६४, १२५. घनसंख्या! का, हे त्यांना आठवडाभर शोधू द्या. एक घन कोपऱ्याकडून पाहिला की त्याची बाह्यरेषा षटकोनी दिसते, एवढाच धागा द्या.

आकड्यांच्या गमतींबद्दल बोलताना दत्तात्रय रामचंद्र कापरेकरांचं नाव मुलांच्या कानावर पडायलाच हवं. १९०५ साली डहाणूत जन्मलेला हा माणूस देवळालीत शाळामास्तर होता. कोणतीही चार अंकी संख्या घ्या, फक्त चारही अंक सारखे नकोत. अंक उतरत्या क्रमाने लावून त्यातून चढत्या क्रमाची संख्या वजा करा, उत्तराचं पुन्हा तेच करा. ३५२४ घेतली तर ५४३२ वजा २३४५ म्हणजे ३०८७, मग ८७३० वजा ०३७८ म्हणजे ८३५२, मग ८५३२ वजा २३५८ म्हणजे ६१७४. जास्तीत जास्त सात पायऱ्यांत ६१७४ येतेच आणि तिथेच थांबते. हातच्याच्या वजाबाकीचा सराव मुलं स्वतःहून पानंच्या पानं करतात. आणि क्षेत्रफळाशी नातं हवं असेल तर ४५ बाजूचा चौरस घ्या : क्षेत्रफळ २०२५, आणि २० अधिक २५ पुन्हा ४५. अशा संख्यांना आज जगभर कापरेकर संख्या म्हणतात.

मैदानावर एक गुंठा

चौसेमीतून एकदम चौरस मीटरवर गेलं की मुलं “१०० सेमी म्हणजे १ मीटर, म्हणून १०० चौसेमी म्हणजे १ चौमी” म्हणतात. वर्तमानपत्रं चिकटवून १ मीटर बाजूचा खराखुरा चौरस करा. १० सेमी बाजूचा पुठ्ठा त्यावर सरकवत मोजा, तो १०० वेळा मावतो, आणि त्या एका पुठ्ठ्यातच १०० चौसेमी आहेत. १०,००० हा आकडा मग आश्चर्याचा राहत नाही. त्या कागदावर किती मुलं उभी राहू शकतात तेही बघा, ते त्यांना फार आवडतं.

नंतर मैदानात जा. एक गुंठा म्हणजे ३३ फूट बाय ३३ फूट, १०८९ चौरस फूट. चार मुलं चार कोपऱ्यांवर उभी करा आणि सुतळी ताणा. कोपरा काटकोनात आहे का हे पाहायला दोन्ही कर्णांना टेप लावा, ते सारखे भरले पाहिजेत. घरी रोज ऐकलेला गुंठा मुलांनी पहिल्यांदा डोळ्यांनी पाहिलेला असतो. असे ४० गुंठे म्हणजे एक एकर, ४३,५६० चौरस फूट. सातबाऱ्यावर क्षेत्र हेक्टर आणि आर यांत असतं. १ आर म्हणजे १०० चौमी, गुंठा त्याहून किंचित मोठा, साधारण १०१ चौमी. शेतकरी घरातल्या मुलाला आईबाबांबरोबर सातबारा वाचायला सांगा, हा गृहपाठ घरात सगळ्यांना पटतो.

आता खरा प्रश्न. ११ फूट बाय ९९ फूट, हाही बरोबर १०८९ चौरस फुटांचा एक गुंठा. दोन्ही तुकड्यांना तारेचं कुंपण घालायचं. चौरसाला १३२ फूट तार लागते, लांबट पट्टीला २२०. जमीन तेवढीच, तार ८८ फूट जास्त. रस्त्यालगतच्या लांबट पट्ट्यांना कुंपणाचा खर्च जास्त का येतो, हे मुलं घरी जाऊन सांगतात.

समजलं का, हे कसं ओळखायचं

लेखी चाचणीत “लांबी ८, रुंदी ५” विचारून फारसं काही कळत नाही. मी तीन गोष्टी विचारते. भिंतीला रंग द्यायचा, साडीला फॉल-पिको करायचा, अंगणात फरशी बसवायची, फोटोला चौकट करायची : यात फिरणं कुठे आणि झाकणं कुठे? (साडीत मुलं छान अडकतात, कारण फॉल खालच्या एकाच कडेला लागतो आणि पिको आखूड बाजूंना. पूर्ण परिमिती कुठेच नाही.) दुसरं, १२ काड्यांच्या कुंपणात बरोबर ५ फरश्या मावतील असं शेत करून दाखव, आयतच हवा असं नाही. तिसरा प्रश्न ज्यांना सगळं आलंय असं वाटतं त्यांच्यासाठी राखून ठेवते.

घराच्या भिंतीला लागून कोंबड्यांसाठी आयताकृती जागा करायची आहे. जाळी २४ मीटर. एका बाजूला भिंत असल्याने तिथे जाळी नको. जास्तीत जास्त जागा कशी मिळेल? ‘चौरस सर्वांत मोठा’ एवढंच पाठ केलेलं मूल झटकन ८ बाय ८ सांगतं, ६४ चौमी. ज्याला तक्त्याची सवय लागली आहे ते रुंदी १ पासून सुरू करतं : १ बाय २२ चे २२, २ बाय २० चे ४०, मग ५४, ६४, ७०, ७२, ७०. उत्तर ६ बाय १२. फरक १८, १४, १०, ६, २ असे आहेत, या वेळी वाढ दर पायरीला चारने घटते. चारनेच का, हे त्याला पुन्हा फरश्या घेऊन शोधू द्या.